पाचशे आणि पन्नास

शास्त्रपाठ : अनुवाद २४:६–१३, लूक ७:३६–५०



देवास जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर म्हणून गाव आहे. इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता कन्नोद, खातेगाव मागे टाकून तेथे येतो आणि पुलावरून पलीकडे हंडियास उतरतो. नर्मदेच्या प्रवासाचा हा मध्य, म्हणून लोक या ठिकाणास नदीची नाभी म्हणतात. स्वातंत्र्यापूर्वीच्या दिवसांत अलीकडचा तीर होळकरांच्या इंदूर संस्थानात होता, आणि पलीकडचा हंडिया इंग्रजांच्या मध्य प्रांतात. नदी ओलांडली की राज्य बदले आणि न्यायकचेरीही बदले. देवास आणि धार येथे पवारांचे राज्य होते. त्या काळी दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आज त्यांची मुले बाजारात हिंदी बोलतात, पण घरात आणि प्रार्थनेत त्यांची मराठी टिकून आहे.

अशाच एका कुटुंबातले एक बंधू नेमावरास शिवणकाम करीत. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांच्या परवानगीने हकीकत मात्र सांगतो. दर रविवारी सकाळच्या मोटारीने ते पत्नीसह आमच्या लहानशा मंडळीत उपासनेस येत. मंडळीच्या गायनवृंदाचे झगे त्यांनीच शिवले होते. एका वर्षी पावसाळ्यानंतर ते येईनासे झाले. दोन महिने गेले. वडीलवर्गाच्या सभेत कोणी म्हणाले, "त्यांचा विश्वास थंडावला असेल." मीही मान हलविली आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

नंतर मी नेमावरास त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दार बराच वेळ उघडले नाही. माझा आवाज ओळखल्यावर त्यांच्या पत्नीने कडी काढली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, आम्हांला वाटले हप्तेवाले आले." बंधू आतल्या खोलीत बसले होते. खिडकीजवळ जेथे त्यांचे शिवणाचे मशीन असे, तेथे मोकळी जागा होती. मशीन कोठे आहे म्हणून मी विचारले. ते म्हणाले, "विकले. दोन हप्ते थकले होते. लोक दारात ओरडायला लागले, तेव्हा विकून भरले."

पुढे ते जे बोलले ते माझ्या काळजात आजही रुतून बसले आहे. "तुम्ही त्या रविवारी रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर बोललात. कोणाचे काही देणे ठेवू नका, म्हणालात. कर्ज ठेवणारा साक्ष बुडवितो, असेही म्हणालात. मी शेवटच्या बाकावर होतो. मला वाटले, आता या घरात आपल्याला तोंड दाखविता येणार नाही."

बंधुभगिनींनो, तो उपदेश मी केला होता. वचन खरे होते, पण मी ते अर्धेच सांगितले होते. त्यात पौल म्हणतो की, एकमेकांवरील प्रीतीचे देणे मात्र कधी फिटत नाही. मी पहिल्या भागावर बराच वेळ बोललो आणि दुसरा भाग घाईने आटोपला. म्हणून आजचा हा लेख काही अंशी माझ्या त्या उपदेशाची दुरुस्ती आहे, असे समजावे.

आपण साधा प्रश्न घेऊ. कर्ज किती झाले म्हणजे ते फार झाले? कोणत्या क्षणी असे म्हणावे की, या माणसाने आता स्वतःच्या बळावर यातून वर येणे शक्य नाही? आपण सहसा रकमेवरून ठरवितो. लाखाचे कर्ज असले तर भुवया उंचावतो, पाच हजारांचे असले तर "एवढ्याशाने काय होते" म्हणतो. कायदा तसे करीत नाही, आणि आपल्या प्रभूनेही तसे केले नाही.

शिमोन परुश्याच्या घरी प्रभु जेवावयास बसला असता त्याने एक लहानसा दाखला सांगितला. एका सावकाराचे दोघे कर्जदार होते. एकाकडे पाचशे दीनार येणे होते, दुसऱ्याकडे पन्नास. दीनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. म्हणजे एकाचे देणे दीड वर्षाच्या मजुरीइतके, दुसऱ्याचे दोन महिन्यांच्याही आतले. रकमेत दहापट अंतर. तरी दोघांविषयी प्रभु एकच गोष्ट सांगतो, ती अशी की फेडण्याची ऐपत दोघांनाही नव्हती. कनवटीला काहीच नसेल, तर पन्नास आणि पाचशे सारखेच. शिमोन स्वतःस पन्नासवाला समजत होता आणि पायांशी रडणाऱ्या त्या स्त्रीस पाचशेवाली. प्रभूने दोघांची एकच अवस्था दाखवून दिली.

आता आपल्या देशातील कायद्याकडे पाहा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. त्यांचा रोख पैशांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी खते आणि रोखे बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत (नगरचे नाव आता अहिल्यानगर आहे) पसरले. सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरिता एक कायदा झाला. त्याने न्यायाधीशास सांगितले की, खतावर लिहिलेला आकडा तसाच खरा धरू नका. व्यवहार कोठून सुरू झाला, मुद्दल किती, व्याज किती, हे मुळापासून तपासा. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत टाकणे त्याने बंद केले. आणि ज्या शेतकऱ्याचे देणे ५० रुपये वा अधिक असेल, त्यास नादार ठरविण्यासाठी अर्ज करण्याचा हक्क दिला. त्यासाठी आधी अटक किंवा जप्ती होण्याची वाट पाहण्याची गरज ठेवली नाही.

पुढे १९२० साली प्रांतिक नादारी अधिनियम आला. मोठ्या इलाखा शहरांबाहेरच्या भागासाठी तो होता, आणि आज नेमावरच्या माणसासही तोच लागू पडतो. त्यात कर्जदाराने स्वतः अर्ज करावयाचा तर पहिली अट अशी की, त्यास आपली देणी फेडता येत नसली पाहिजेत. त्याबरोबर त्याचे देणे ५०० रुपये असावे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापायी त्यास अटक झालेली असावी, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू असावा. एकीकडे पन्नास, दुसरीकडे पाचशे. प्रभूच्या दाखल्यातील आकडे या दोन कायद्यांत यावेत हा योगायोग आहे, पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. कायद्याने रकमेचा उंबरठा अगदी खाली ठेवला आणि खरे वजन त्या एका प्रश्नावर टाकले : याला फेडता येते की नाही?

फेडता येते की नाही हे कसे ठरवावे? माणसाजवळ जे काही आहे ते सगळे विकले तर कदाचित फिटेल. पण सगळे म्हणजे काय? येथे कायदा थांबतो आणि काही वस्तू बाजूला काढतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात त्यांची यादी आहे. कर्जदाराचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि त्याच्या पोटापाण्यास लागतील तेवढी गुरे व बियाणे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही जप्त होत नाही. हे सारे धनकोच्या हाताबाहेर आहे. नादार ठरलेल्या माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते तेव्हाही या वस्तू त्याच्याकडेच राहतात. म्हणजे कायदा घेण्याच्या गोष्टी मोजण्याआधी न घेण्याच्या गोष्टी मोजतो.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात हेच आहे. जाते गहाण घेऊ नये, जात्याची वरची तळीसुद्धा घेऊ नये, कारण ते घेणे म्हणजे माणसाचा जीव गहाण घेणे होय. धनकोने तारण आणावयास ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, आणि त्याने आपल्या हाताने ते बाहेर आणून द्यावे. गरिबाचे पांघरूण तारण असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, म्हणजे तो त्यात निजेल आणि आशीर्वाद देईल. शेकडो वर्षांच्या अंतराने निरनिराळ्या लोकांनी लिहिलेल्या या दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. दळण्याचे जाते, शिवण्याचे यंत्र, निजण्याचे पांघरूण. माणसाचे हात आणि त्याची झोप कर्जात धरू नये, हे दोन्हीकडे आहे.

आता नेमावरच्या त्या खोलीतील मोकळी जागा आठवा. शिंप्याचे मशीन म्हणजे कारागिराचे हत्यार. कोणत्याही धनकोने न्यायालयातून हुकूमनामा आणला असता, तरी जप्तीत ते मशीन उचलून नेता आले नसते. आमच्या बंधूंनी ते स्वतः विकले. मशीन गेल्यावर महिन्याची कमाई निम्म्यावर आली आणि पुढचा हप्ता आणखी दूर गेला. कायद्याने जे त्यांच्याजवळ राखून ठेवले होते, ते लाजेने काढून नेले. आणि ती लाज, बंधुभगिनींनो, त्यांनी काही अंशी माझ्या तोंडून ऐकली होती.

कायद्याचे दुसरे पाहणे असे की, तो माणसाच्या वागण्याकडे बघतो. १९२० च्या अधिनियमात नादारीची काही कृत्ये सांगितली आहेत. धनकोंना चुकविण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे हे त्यांतले एक. त्यांस झुलविण्याच्या हेतूने घर किंवा धंद्याची जागा सोडून निघून जाणे हे दुसरे. आपली गाठ पडू नये म्हणून स्वतःस कोंडून घेणे हेही त्यांत आहे. पूर्वी नावेत बसून पलीकडच्या राज्यात जाणारा माणूस आणि आज कडी लावून आतल्या खोलीत बसणारा माणूस, दोघांनाही कायदा ओळखतो. आम्ही मात्र दोन महिने रिकामा बाक पाहूनही ओळखले नाही. मंडळीत कोणी अचानक येईनासे झाले, तर त्याचा विश्वास थंडावला असे म्हणण्यापूर्वी त्याच्या दारावर कडी का लागली आहे, हे विचारावे.

जो अर्ज करतो त्याच्याकडून कायदा एक कठीण गोष्ट मागतो, आणि ती म्हणजे पूर्ण खरे. किती देणे, कोणाकोणाचे, ते कोठे राहतात, माझ्याजवळ काय काय आहे, हे सगळे अर्जात लिहावे लागते. हिशेबाच्या वह्या पुढे ठेवाव्या लागतात. पुढे ऋणमुक्ती द्यावयाची की नाही हे पाहताना न्यायालय विचारते : मालमत्तेतून रुपयात निदान आठ आणे तरी निघतात काय? निघत नसतील तर दोष कर्जदाराचा, की त्याच्या हाताबाहेरच्या परिस्थितीचा? फेडण्याची आशा नसता कर्ज काढले काय? जुगार, उधळपट्टी, आततायी सट्टा यांत गेले काय? आजारपणाने बुडालेला आणि जुगाराने बुडालेला यांत कायदा भेद करतो. तसेच गरिबी आणि लबाडी यांतही. १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून, स्पष्ट केले की केवळ देणे फेडले नाही म्हणून माणसास दिवाणी तुरुंगात पाठविता येत नाही; ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळीत असेल तरच ते होऊ शकते. आणि स्त्रीस तर पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करताच येत नाही.

इतर देशांनीही याच दिशेने विचार केला आहे. फ्रान्सने १९८९ साली सामान्य ग्राहकांसाठी कायदा केला. सद्‌भावाने वागणाऱ्या माणसास आपली धंद्याबाहेरची देणी, आलेली आणि पुढे येणारी, फेडणे उघड अशक्य झाले, की तो अतिकर्जात आहे असे त्या कायद्याने धरले. ब्राझीलने २०२१ साली त्यात आणखी एक मोजमाप स्पष्ट लिहिले : जगण्यास किमान लागते त्याला हात न लावता फेडता येते काय? पुन्हा तेच जाते आणि तेच पांघरूण.

आपल्याकडे २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. तीत अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' अशी तरतूद आहे. वर्षाचे उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, माफीस पात्र कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नसावे, या तिच्या मुख्य अटी. पण व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू केला गेला. सामान्य माणसासाठी हे लिहीपर्यंत जुना १९२० चा रस्ताच आहे.

मात्र लहान कर्जांविषयी रिझर्व्ह बँकेचा एक नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, आणि तो प्रत्येक घरात माहीत असावा. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यास तारणाशिवाय दिलेले कर्ज हे सूक्ष्म कर्ज होय. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते त्याच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. आधीच झाले असतील तर नवे कर्ज देता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर फोन करणे, धमकावणे, शिवीगाळ करणे, नातेवाइकांस त्रास देणे, कर्जदाराचे नाव जाहीर करणे, हे सारे मना आहे.

त्या दिवशी आम्ही नेमावरच्या घरात कागद घेऊन बसलो. मशीन विकण्यापूर्वीची दोघांची कमाई महिना १४,००० रुपये होती. तिचा निम्मा भाग ७,०००. गटातून घेतलेल्या तीन कर्जांचे हप्ते ६,४००. म्हणजे नियमाच्या तराजूत सगळे ठीक. मग त्यांची पत्नी हळूच म्हणाली, "ते सत्तर हजार अजून लिहिले नाहीत." तिच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका खासगी सावकाराकडून शेकडा चार रुपये महिना व्याजाने ७०,००० काढले होते. महिन्याचे २,८०० नुसते व्याज. मुद्दल तसेच उभे. ते कोठल्याच वहीत नव्हते. दोन्ही मिळून ९,२०० झाले आणि चार माणसांच्या पोटाला ४,८०० उरले. त्या तराजूत जे घातलेच नाही ते तो तोलणार कसा? त्यांचे कर्ज फार केव्हा झाले ते आम्हांला तेव्हा कळले, आणि मला वाटते, त्या दोघांनाही तेव्हाच कळले. अनेक महिने ते एकमेकांपासूनही आकडे लपवीत होते.

नहेम्याच्या काळी लोक हेच गाऱ्हाणे घेऊन आले होते : शेते गहाण, द्राक्षमळे गहाण, मुलेमुली दास्यात. नहेम्याने मोठी सभा भरविली, आणि बांधवांकडून व्याज घेणाऱ्या सरदारांस सर्वांसमक्ष दोष दिला. शेते व घरे परत करावयास लावली, आणि तो शंभरावा भागही. तो भाग महिन्याला शेकडा एक असा बहुतेक टीकाकार समजतात. आमच्या बंधूंकडून चार घेत होते. तेव्हा या सत्तर हजारांविषयी बोलताना कर्जदारास प्रश्न विचारून थांबू नये. व्याज खाणारा ख्रिस्ती मनुष्य आपल्या बाकावर बसतो काय, हेही मंडळीने विचारावे.

तर मग आपण काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, मंडळीत एक तरी अशी जागा असावी जेथे माणूस आपला आकडा सांगू शकेल. पाळक आणि एखादी समजूतदार बहीण किंवा वडील पुरेत. ऐकलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये. तेथे उपदेश नंतर करावा. आधी कागद घ्यावा, आणि एका बाजूस जे घेता येत नाही ते, दुसऱ्या बाजूस जे देता येते ते, असे लिहावे.

दुसरी, कायद्याचा रस्ता सांगावा. प्रत्येक जिल्हा न्यायालयात कायदेविषयक सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस आणि कमी उत्पन्नाच्या माणसांस तेथे विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या दूरध्वनीवरही विचारता येते. नादारीच्या अर्जास पाप समजू नये. पण तो सोपा आहे असेही सांगू नये. त्यात सगळे उघड करावे लागते, आणि ज्याच्याकडे वस्तू तारण आहे त्या धनकोचा त्या वस्तूवरचा हक्क तसाच राहतो.

तिसरी, जामीन राहण्यापूर्वी विचार करावा. कर्जदार सुटला तरी त्याच्याबरोबर बांधलेला जामीन त्यामुळे सुटत नाही. नीतिसूत्रांत याविषयी पुष्कळ सावधगिरी सांगितली आहे. त्याऐवजी ज्या मदतीने माणसाचे हात मोकळे होतील, ती करावी.

आमच्या मंडळीने हेच केले. त्यांचे कर्ज फेडण्याइतके आम्ही श्रीमंत नाही, आणि फेडले असते तर ते बरे झाले असते असेही मला वाटत नाही. महिला मंडळाने वर्गणी काढून एक जुने, चांगले चालणारे मशीन घेतले आणि खिडकीजवळच्या त्या जागेवर नेऊन ठेवले. देवासच्या वकिलाने सगळा हिशेब पाहिला आणि नादारीचा रस्ता समजावून सांगितला. बंधू म्हणाले, "आधी मी स्वतः त्यांच्यासमोर जाऊन खरे सांगून पाहतो." हिशेबाचा कागद घेऊन आम्ही बरोबर गेलो. गटाच्या दोन कर्जांची मुदत वाढली आणि हप्ता उतरला. सावकाराने खूप घासाघीस करून, यापुढे जे दिले जाईल ते मुद्दलात धरण्याचे कबूल केले. देणे अजून आहे. पण रविवारच्या मोटारीने ते दोघे पुन्हा येतात, आणि शेवटचा बाक त्यांनी सोडला आहे.

आता शेवटचा विचार. कायदा फार दूरवर येतो, पण एका ठिकाणी थांबतो. तो ऋणमुक्ती देतो तेव्हा तोटा कोणाचा तरी होतो. धनकोच्या वहीत तो आकडा बुडीत खाती लिहिला जातो. प्रभूच्या दाखल्यातही सावकाराने दोघांस सोडले, म्हणजे साडेपाचशे दीनारांचा तोटा त्याने आपल्यावर घेतला. फुकट सुटका अशी कोठेच नसते. पौलाने फिलेमोनास लिहिताना पळून आलेल्या अनेसिमाविषयी सांगितले की, त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड. कलस्सैकरांस लिहिताना तो याहूनही पुढे जातो. आपल्याविरुद्ध जे खत होते, ते ख्रिस्ताने खोडून वधस्तंभास खिळले, असे तो सांगतो. सुप्याच्या बाजारात लोकांनी खते जाळली, कारण त्यांस दुसरा रस्ता दिसत नव्हता. कालवरीवर स्वतः धनकोने आपल्या हाताने खत खिळले, आणि ज्या हातांत खिळे गेले ते त्याचेच होते.

प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या पापांसाठी ऋण हाच शब्द आहे. दर रविवारी आपण तो सर्वांसमक्ष उच्चारतो. म्हणजे आपण सगळे, पाचशेवाले आणि पन्नासवाले, एका आवाजात कबूल करतो की आम्हांला फेडता येत नाही. ही प्रार्थना म्हणणाऱ्या मंडळीत कर्जबाजारी माणसाने शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसावे, याचे कारण काय? त्याच्या शेजारी बसलेला आणि व्यासपीठावर उभा असलेला, दोघेही त्याच यादीत आहेत.

प्रार्थना : हे प्रभो, ज्यांच्या दारावर आज भीतीने कडी लागली आहे, त्यांच्या घरी तू जा. आम्हांसही तेथे जावयास शिकीव. आमची जीभ दोष देण्यास मंद आणि ऐकून घेण्यास तत्पर कर. ज्यांनी गरिबाचे जाते घेतले असेल, त्यांस सूर्यास्तापूर्वी ते परत करण्याची बुद्धी दे. आणि जे ऋण आम्हां कोणासच फेडता आले नाही, ते तू आपल्यावर घेतलेस, याची आठवण आम्हांस जन्मभर राहू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी

१. लूक ७ मधील दोघा कर्जदारांचे देणे मजुरीच्या दिवसांत मोजून मुलांस फळ्यावर दाखवा. मग विचारा : खिशात काहीच नसेल तर कोणाचे कर्ज मोठे?

२. अनुवाद २४ मधील जाते, पांघरूण आणि दाराबाहेर उभा राहिलेला धनको, या तीन गोष्टी मुलांकडून अभिनय करून घ्याव्यात. आज आपल्या घरात 'जाते' म्हणजे कोणती वस्तू, हे त्यांनीच सांगावे.

३. मोठ्या वर्गासाठी : घरच्या उत्पन्नाचा निम्मा भाग आणि सर्व हप्त्यांची बेरीज, असा एक काल्पनिक हिशेब करवून घ्यावा. कोणाच्याही घरचा खरा आकडा वर्गात विचारू नये.